मुंबईच्या कठीण जमिनीसाठी पोकलेनची बकेट कशी निवडावी

पोकलेन भाड्याने घेताना नवा ठेकेदार बहुधा दोनच गोष्टी विचारतो: मशीन किती टनांचे आणि तासाचा दर किती. मशीनला कोणती बकेट लावलेली आहे, हे तो मशीन साइटवर उतरल्यावर पाहतो. मऊ मातीत हे खपून जाते. मुंबईत मात्र भराव, चिखल, मुरूम आणि काळा पाषाण हे सगळे एकाच पायाच्या खड्ड्यात, कधी चार-पाच मीटरांच्या आत भेटते. अशा ठिकाणी चुकीची बकेट डिझेल जाळते, दात गमावते, आर्मच्या (बकेट धरणाऱ्या हाताच्या) पिना आणि बुश (पिनेभोवतीच्या नळ्या) ढिल्या करते, आणि संध्याकाळी हायवाच्या (माल वाहणाऱ्या डंपरच्या) फेऱ्या मोजल्या तर त्या ठरल्यापेक्षा बऱ्याच कमी निघतात. ज्यांनी नुकतेच खोदकामाचे ठेके घ्यायला सुरुवात केली आहे, ज्यांनी पहिले मशीन विकत घेतले आहे, किंवा जे पुनर्विकासाच्या साइटवर पर्यवेक्षक म्हणून रुजू झाले आहेत, त्यांना समोर ठेवून पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत.

पुढची प्रत्येक निवड एका गोष्टीवर अवलंबून आहे, म्हणून ती आधी सांगतो. बकेटचे काम जमीन कापणे, सुटे झालेले उकरणे आणि भरून उचलणे एवढेच आहे. कितीही जाड पत्र्याची रॉक बकेट आणली, तरी भेगा नसलेला ताजा काळा पाषाण ती उकरू शकत नाही. त्यामुळे दुकानात जाण्याआधी आपल्या जमिनीत बकेटची हद्द कुठे संपते आणि ब्रेकरची, म्हणजे छिन्नीने ठोकून खडक फोडणाऱ्या जोडसाधनाची, कुठे सुरू होते, हे ठरवावे लागते.

पहिली पायरी: जमीन ओळखणे

मुंबई बेट आणि उपनगरे दख्खनच्या ज्वालामुखी खडकावर उभी आहेत. हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या उद्रेकांतून तयार झाला असला, तरी शहरभर एकाच जातीचा दगड लागतो असे समजू नये. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर दिसणारा, उभ्या खांबांत फुटलेला काळा बेसाल्ट हा एक प्रकार आहे. इतरत्र ब्रेचिया, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेत दगडांचे तुकडे अडकून घट्ट झालेला खडक लागतो. कुठे टफ, म्हणजे निव्वळ घट्ट झालेली राख लागते. मालाड-मनोरीच्या बाजूला फिकट रंगाचा ट्रॅकाइट जातीचा दगड आढळतो. दोन लाव्हाथरांच्या मध्ये तांबड्या मातीचा किंवा गाळाच्या खडकाचा पट्टाही असू शकतो. याउलट, जुन्या सात बेटांमधल्या खाड्या बुजवून तयार झालेल्या भागांत, तसेच मिठी नदीच्या काठी वांद्रे-कुर्ला संकुलाच्या परिसरात, वर भराव, त्याखाली खाडीचा काळा चिकट गाळ, त्याखाली मुरूम आणि मग खडक असा क्रम सर्रास दिसतो.

खोदकामाच्या व्यवहारात जमिनीची वर्गवारी माती, मऊ मुरूम, कडक मुरूम, मऊ खडक आणि कठीण खडक अशी केली जाते, आणि बिलाचा दरही या वर्गवारीवर ठरतो. साध्या हत्यारांनी या वर्गांचा अंदाज घेता येतो. टिकावाच्या एका घावात ज्याचे ढेकूळ सुटते तो मऊ मुरूम. टिकाव मारून मारून थोडेथोडेच सुटते तो कडक मुरूम. पहार आणि घण लावल्यावर ज्याचे पापुद्रे किंवा तुकडे निघतात तो मऊ खडक. घणाचा घाव घातल्यावर खणखणीत आवाज येऊन घण उसळतो तो कठीण खडक. मोजमापावरून पुढे वाद होऊ नये, यासाठी कोणत्या पातळीला कोणता वर्ग धरला, याची नोंद अभियंत्याच्या सहीनिशी त्याच दिवशी करून ठेवावी.

मोठ्या कामावर बोअरहोलचा (जमिनीत भोक पाडून काढलेल्या नमुन्यांचा) अहवाल असतोच, आणि नवख्या माणसाने तो वाचायला शिकणे फार आवश्यक आहे. त्यात खडकाचे नाव, गाभ्याची (भोकातून निघालेल्या दगडी दांड्याची) प्राप्ती, आरक्यूडी, म्हणजे खडकाच्या अखंडपणाचे माप, आणि दाबशक्ती, म्हणजे चिरडण्याआधी खडक सोसतो तो दाब, असे आकडे असतात. आरक्यूडी काढताना बोअरमधून निघालेल्या गाभ्याचे १० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब असलेले तुकडे तेवढे जोडतात आणि त्यांच्या एकूण लांबीचे खोदलेल्या लांबीशी असलेले प्रमाण टक्क्यांत मांडतात. २५ टक्क्यांखालचा खडक अत्यंत भेगाळलेला मानला जातो, ७५ च्या वर तो चांगला आणि ९० च्या वर उत्कृष्ट. पाया उभारणाऱ्याच्या दृष्टीने उत्कृष्ट असलेला हाच खडक खोदणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत अवघड असतो. भेगाळलेला बेसाल्ट, त्याचा प्रत्येक तुकडा लोखंडासारखा कणखर असला, तरी भेगांमध्ये दात घुसवून सुटा करता येतो. ब्रेचियाच्या बाबतीत मात्र नवखी माणसे हटकून फसतात. त्याची दाबशक्ती ताज्या बेसाल्टपेक्षा कमी असते, म्हणून अहवालात तो सोपा वाटतो. पण तो पुष्कळदा एकसंध असतो, दाताला शिरायला भेग सापडत नाही, आणि ब्रेकरची छिन्नीही तडा न पाडता नुसते भोक पाडत आत जाते. म्हणून दाबशक्ती आणि आरक्यूडी हे दोन्ही आकडे नेहमी एकत्र वाचावेत.

बोअरहोल प्लॉटच्या मोजक्या बिंदूंवर असतात आणि मुंबईतला खडक फार असमान कुजलेला असतो. प्लॉटच्या एका कोपऱ्यात दोन मीटरवर लागलेला कातळ दुसऱ्या कोपऱ्यात सहा मीटरवर लागू शकतो. त्यामुळे बकेट ठरवण्यापूर्वी हाताशी असलेल्या मशीनने दोन-तीन ठिकाणी चाचणी खड्डे घेऊन पाहावेत, असे मी आवर्जून सुचवेन.

दुसरी पायरी: कोणत्या थराला कोणते साधन

माती, सुटा भराव आणि मऊ मुरूम यांना साधी बकेट पुरते. कडक मुरूम आणि गोटे मिसळलेला मुरूम यांना हेवी ड्यूटी बकेट लागते. तिचा तळ आणि बाजू जाड असतात व तळाला झिजपट्ट्या लावलेल्या असतात. मऊ खडक, भेगाळलेला बेसाल्ट आणि ब्रेकरने फोडलेला दगड यांसाठी रॉक बकेट घ्यावी. मऊ खडक आणि एकसंध कठीण खडक यांच्या मधल्या पट्ट्यात रिपर, म्हणजे एकच जाड नांगी असलेले जोडसाधन, फार उपयोगी पडते, कारण मशीनचे सगळे बळ एका टोकावर येते. भेगाळलेल्या थरात आधी रिपरने उकलून मग बकेटने भरले, तर ब्रेकरचे बरेच तास वाचतात. मुंबईच्या साइटवर रिपर क्वचितच दिसतो, आणि ही उणीव भरून काढण्याजोगी आहे असे मला वाटते.

एकसंध कठीण खडकाला ब्रेकरच हवा. दाट वस्तीत सुरुंगाची परवानगी मिळणे अवघड असते, आणि शेजारी जुनी इमारत असेल तर ब्रेकरची कंपनेही चालत नाहीत. अशा जागी छिद्रे पाडून हायड्रॉलिक स्प्लिटरने दगड चिरणे किंवा डायमंड वायर सॉने कापणे हे मार्ग उरतात. फोडण्याची पद्धत कोणतीही असो, फोडलेला माल उचलायला रॉक बकेट लागतेच, आणि तुकडे किती मोठे निघतात यावर तिची रुंदी ठरते.

खाडीच्या चिकट गाळासाठी रॉक बकेट हे सर्वांत वाईट साधन आहे. अरुंद आणि खोल बकेटमध्ये गाळ घट्ट बसतो, हायवावर उलटी केली तरी सुटत नाही, आणि प्रत्येक फेरीला निम्मा माल परत खड्ड्याकडे येतो. ज्या प्लॉटवर वर गाळ आणि खाली कातळ आहे, तिथे एकाच बकेटवर भागवण्याचा विचार सोडून द्यावा आणि गाळासाठी रुंद, उथळ, बिनदाती बकेट वेगळी ठरवावी.

तिसरी पायरी: बळ आणि रुंदी

मशीनच्या माहितीपत्रकात उकरण्याची दोन बळे दिलेली असतात. एक बकेट वळवणाऱ्या सिलिंडरचे आणि दुसरे आर्म ओढणाऱ्या सिलिंडरचे. २० ते २१ टनी मशीनमध्ये पहिले साधारणपणे १३० ते १५० किलोन्यूटनच्या आसपास असते आणि दुसरे त्याहून कमी. हे बळ दातांच्या टोकांवर वाटले जाते, आणि कठीण जमिनीत शिरायचे असेल तर ते जितक्या कमी रुंदीवर वाटले जाईल तितके चांगले.

समजा, बळ १४० किलोन्यूटन आहे. १२० सेंटिमीटर रुंद बकेटला सेंटिमीटरमागे सुमारे १.१७ किलोन्यूटन मिळते. तेच बळ ७५ सेंटिमीटर रुंद बकेटला सेंटिमीटरमागे जवळजवळ १.८७ किलोन्यूटन मिळते, म्हणजे सुमारे ६० टक्के अधिक. मशीन तेच, ऑपरेटर तोच, डिझेल तेवढेच. तरीही रुंद बकेट जिथे घासत राहते तिथे अरुंद बकेट आत शिरते. कडक मुरमात मोठी बकेट लावून अर्धी भरून काढण्यापेक्षा लहान बकेट काठोकाठ भरून काढणे नेहमीच किफायतशीर ठरते.

अरुंदपणालाही मर्यादा आहे. ब्रेकरने निघालेला ६०-७० सेंटिमीटरचा धोंडा ७५ सेंटिमीटरच्या बकेटमध्ये नीट बसत नाही, तो दातांवर तोलत न्यावा लागतो आणि हायवाच्या वाटेवर पडण्याची भीती राहते. मलनिस्सारण वाहिनीच्या चरात पाइपच्या दोन्ही बाजूंना जोडणी करण्यापुरती जागा लागते, म्हणून तिथे रुंदी पाइपच्या व्यासावरून ठरते.

बळाचा विचार करताना आणखी एक माप पाहावे: बकेटच्या पिनेपासून दाताच्या टोकापर्यंतचे अंतर. हे अंतर वाढले की टोकावरचे बळ कमी होते. स्थानिक कारखान्यात जास्त माल मावावा म्हणून बकेट लांब बनवली जाते, तेव्हा मालकाला क्षमता वाढल्याचे दिसते, बळ घटल्याचे दिसत नाही. मशीन निवडण्याची मुभा असेल, तर कठीण जमिनीसाठी आखूड आर्मचे मशीन घ्यावे. खोली आणि पोच थोडी कमी मिळते, पण ओढण्याचे बळ वाढते.

चौथी पायरी: क्षमता आणि वजन

बकेटची क्षमता घनमीटरमध्ये सांगतात आणि तो आकडा वर रचलेल्या ढिगासह असतो. आयएसओ आणि एसएई या मानकसंस्थांच्या पद्धतीत ढीग एकास एक उताराचा, म्हणजे ४५ अंशांचा धरतात. युरोपातल्या सीईसीई पद्धतीत दोनास एक, म्हणजे कमी उताराचा धरतात. म्हणून तीच बकेट एका पद्धतीत मोठी आणि दुसरीत लहान दिसते. दोन कंपन्यांच्या बकेटची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे आहेत ना, हे विचारून घ्यावे.

प्रत्यक्षात बकेट किती भरते, हे मालावर अवलंबून असते. ओलसर माती ढिगासह पूर्ण भरते. चांगला बारीक फुटलेला दगड ६० ते ७५ टक्के भरतो. ओबडधोबड फुटलेला दगड ४० ते ५० टक्क्यांपर्यंतच भरतो, कारण मोठ्या तुकड्यांमध्ये पोकळ्या राहतात. जागेवरचा एक घनमीटर बेसाल्ट फुटल्यावर साधारण दीड घनमीटर होतो आणि सुट्या मालाचे वजन घनमीटरला सुमारे २ टन भरते. हायवाच्या फेऱ्या मोजताना हा दीडपट फुगवटा धरला नाही, तर वाहतुकीचा खर्च पहिल्या आठवड्यातच अंदाजाबाहेर जातो.

आता वजनाचा हिशेब पाहू. समजा, १.२ घनमीटरची बकेट ७५ टक्के भरली. माल १.८ टन झाला. बकेटचे स्वतःचे वजन १.१ टन धरले तर आर्मच्या टोकाला २.९ टन आले. हेच ०.८ घनमीटरच्या, ९५० किलो वजनाच्या बकेटने केले, तर माल १.२ टन आणि एकूण भार २.१५ टन होतो. मशीनच्या उचलक्षमतेच्या तक्त्यात आपली पोच आणि उंची शोधून हा भार तिथे बसतो का, ते पाहावे. तक्त्यातला आकडा आयएसओच्या नियमानुसार उलटण्याच्या भाराच्या ७५ टक्के किंवा हायड्रॉलिक क्षमतेच्या ८७ टक्के, यांपैकी जो कमी असेल तो दिलेला असतो, म्हणून त्यात आणखी सवलत शोधू नये. तक्ता बकेटसह दिला आहे की बकेटविना, हेही तळटिपेत वाचावे. मुंबईत मशीन पुष्कळदा खड्ड्याच्या काठावर किंवा भरावाच्या रॅम्पवर उभे असते. तक्ता मात्र घट्ट आणि सपाट जमिनीसाठी असतो.

पाचवी पायरी: बकेटची बांधणी तपासणे

रॉक बकेट म्हणून जे विकले जाते, ते सगळेच रॉक बकेटच्या लायकीचे नसते. बेस एज, म्हणजे दातांचे अडॅप्टर (दात ज्यावर चढवतात ते धारक) जिच्यावर बसतात ती पुढची जाड पट्टी, तळ, टाच आणि बाजूच्या पत्र्यांचा खालचा भाग हे झिजविरोधी पोलादाचे असले पाहिजेत. हार्डॉक्स किंवा तत्सम पोलादाच्या नावापुढचा ४००, ४५० किंवा ५०० हा आकडा ब्रिनेल कठीणपणा सांगतो; साध्या बांधकामी पोलादाचा कठीणपणा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतो. विक्रेत्याने नुसते नाव सांगितले तर त्यावर समाधान मानू नये, प्लेटचे मिल टेस्ट सर्टिफिकेट (पोलाद कारखान्याचा तपासणी दाखला) मागावे. शक्य असेल तर हातात धरण्याच्या कठीणपणा मापकाने बकेटवरच तपासणी करून घ्यावी. दहा मिनिटांचे काम आहे आणि त्यावरून सगळे कळते.

बांधणीत आणखी काही गोष्टी पाहाव्यात. बाजूचे पत्रे मागच्या बाजूला किंचित आत घेतलेले असावेत, म्हणजे चराच्या भिंतीला बकेट घासत नाही. तळाच्या झिजपट्ट्या खोदण्याच्या दिशेत लावलेल्या असाव्यात. दातांच्या मधल्या मोकळ्या जागेत बेस एजला संरक्षक टोप्या असतील तर उत्तम, कारण दगडात बेस एज दातांइतकीच झिजते. काही रॉक बकेटची बेस एज मध्यभागी पुढे आलेली, फावड्याच्या टोकासारखी असते. अशी बकेट कठीण थरात सहज शिरते, पण तळ सपाट ठेवत नाही, म्हणून पायाच्या शेवटच्या पातळीसाठी ती वापरू नये.

जुनी बकेट घेत असाल, तर ताज्या रंगावर जाऊ नये. कानांच्या (बकेट आर्मला जोडणाऱ्या पत्र्यांच्या) मुळाशी आणि आडव्या नळीच्या जोडावर रंग खरवडून तडे शोधावेत. बुशचे भोक लंबगोल झाले आहे का, ते कॅलिपरने दोन दिशांना मोजून पाहावे. तळाची जाडी अल्ट्रासॉनिक मापकाने तीन-चार जागी घ्यावी. मूळ जाडीच्या निम्मी उरली असेल, तर बकेटची किंमत दुरुस्तीचा खर्च वजा करूनच ठरवावी.

सहावी पायरी: दात

कठीण जमिनीत बकेटइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, महत्त्व दातांना आहे, आणि सर्वाधिक हलगर्जी नेमकी इथेच होते. साधा चिझल दात माती-मुरमासाठी असतो. त्याचे टोक रुंद असते आणि तो तळ बऱ्यापैकी सपाट ठेवतो. रॉक चिझल दात लांब, मध्ये कणा असलेला असतो आणि झिजत जाताना आपली धार राखतो. मऊ खडक आणि फोडलेला दगड यांसाठी तो सर्वांत भरवशाचा. टायगर दात एकाच तीक्ष्ण टोकाचा असतो. तो कडक मुरमात आणि भेगांमध्ये फार चांगला शिरतो, पण पातळ असल्यामुळे लवकर झिजतो आणि आडव्या धक्क्याने मोडतो. ट्विन टायगरला दोन टोके असतात आणि तो बकेटच्या दोन कोपऱ्यांवर लावतात, म्हणजे चराचे कोपरे स्वच्छ कापले जातात.

दातांच्या निवडीत मुंबईच्या दगडाचा स्वभाव लक्षात घ्यावा. बेसाल्टमध्ये मोकळे क्वार्ट्‌झ जवळजवळ नसते, त्यामुळे ग्रॅनाइट किंवा वाळूखडकाच्या मानाने तो दात कमी घासतो. तो त्रास देतो धक्क्याने. म्हणून बेसाल्टमध्ये अतिकठीण पण ठिसूळ दातांपेक्षा थोडे कमी कठीण पण चिवट दात जास्त टिकतात. स्वस्त ओतीव दात इथे झिजण्याआधीच टोकातून तुटतात, आणि तुटलेला तुकडा ब्रेकरच्या छिन्नीखाली किंवा पुढे क्रशरमध्ये गेला तर नुकसान दाताच्या किमतीच्या अनेक पट होते.

दात निम्मा झिजला की बदलावा. त्यापलीकडे चालवला, तर अडॅप्टरचे नाक उघडे पडून झिजते, आणि झिजलेल्या नाकावर नवा दात हलत राहतो, पिन तोडतो आणि खड्ड्यात हरवतो. कोपऱ्यातले दात आधी झिजतात, म्हणून ते मधल्या दातांशी अदलाबदल करून सगळे एकसारखे झिजवावेत. बोथट दातांनी काम चालू ठेवणे ही काटकसर नव्हे. आत शिरायला लागणारे बळ वाढते आणि ते सगळे डिझेलमधून येते. पिन आणि रबर लॉक दातासोबत नवेच घ्यावेत.

सातवी पायरी: मशीनशी जुळवणे

२० टनी वर्गातल्या पुष्कळ मशीनच्या बकेटची पिन ८० मिलिमीटर व्यासाची असते, पण तेवढ्यावरून एका कंपनीची बकेट दुसऱ्या कंपनीच्या मशीनला बसेल असे होत नाही. पिनेचा व्यास, आर्मच्या टोकाची रुंदी, दोन पिनांच्या मध्यांमधले अंतर आणि कानांमधली मोकळी जागा ही चारही मापे स्वतः घेऊन कागदावर लिहून द्यावीत. कान आणि आर्म यांच्यातली जास्तीची फट शिम (पातळ चकत्या) घालून भरून काढावी, कारण तिरक्या धक्क्यांनी हीच फट महिन्याभरात बुश खाते.

एकाच मशीनवर ब्रेकर आणि बकेट आलटून पालटून लावायची असेल, तर क्विक कपलरचा, म्हणजे पिना न ठोकता जोडसाधन बदलू देणाऱ्या जोडाचा, विचार करावा. पिना घणाने ठोकून काढण्यात हेल्परचा वेळ जातो, आणि ठिकरी उडून डोळ्याला इजा होण्याचा धोका असतो. मात्र कपलरमुळे वजन वाढते आणि बकेटचे टोक पिनेपासून आणखी दूर जाते, म्हणजे तिसऱ्या पायरीत जपलेले बळ थोडे हातचे जाते. माझ्या मते, दिवसातून अनेकदा अदलाबदल होत असेल तरच कपलर घ्यावा. आठवडाभर ब्रेकर आणि मग आठवडाभर बकेट असे काम असेल, तर थेट पिनेवरची बकेट बरी. कपलर लावलाच, तर प्रत्येक बदलानंतर लॉक बसल्याची डोळ्यांनी खात्री करून, बकेट जमिनीवर दाबून पाहिल्याशिवाय ती कुणाच्या आसपास उचलू नये.

आठवी पायरी: खोदण्यापूर्वीची विचारपूस

रस्त्यालगतच्या चरात रॉक दातांची अरुंद बकेट केबल किंवा गॅसवाहिनी क्षणात फाडते. महानगरपालिकेची परवानगी घेताना जलवाहिन्या आणि मलवाहिन्यांचे नकाशे मागावेत, वीज आणि गॅस कंपन्यांकडून खुणा करून घ्याव्यात. २०२३ साली केंद्र सरकारने सुरू केलेल्या 'कॉल बिफोर यू डिग' या अॅपवरही खोदकामाची आगाऊ सूचना देता येते. वाहिनीच्या जवळपास पहिले खोदकाम हातानेच करावे. पावसाळ्यात रस्त्यांवर नव्या चरांना सहसा परवानगी मिळत नाही, म्हणून बकेट आणि दातांची खरेदी पाऊस संपण्याच्या आधी उरकावी.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी क्षेत्राची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. ब्रेकरला मिळणारे तास त्यामुळे मोजके असतात. त्या तासांत ब्रेकर सतत चालावा आणि भरण्याचे काम दुसऱ्या, बकेट लावलेल्या मशीनने व्हावे, अशी आखणी परवडत असेल तर जरूर करावी.

नववी पायरी: चालवणे आणि राखणे

चांगली बकेट वाईट हाताळणीने एका हंगामात संपते. ऑपरेटरला पहिल्याच दिवशी तीन मनाई सांगाव्यात: बकेट वर उचलून घणासारखी दगडावर आपटू नये, धोंडा ढकलण्यासाठी बकेट आडवी फिरवून मारू नये, आणि दात रोवून चेनच्या जोरावर मशीन मागे ओढत खोदू नये. पहिल्याने बूम (मशीनचा मुख्य दांडा) आणि सिलिंडरला धक्का बसतो, दुसऱ्याने बाजूचे पत्रे आणि स्विंगचा (मशीन गोल फिरवण्याचा) गिअर जातो, तिसऱ्याने अडॅप्टर बेस एजवरून उपटतात. कठीण थरात पातळ काप घ्यावेत, दात भेगेच्या दिशेने धरावा, आणि दोन-तीन प्रयत्नांत थर हलला नाही तर बकेटने झगडत न बसता ब्रेकर लावावा. ब्रेकरही एका जागी १५ ते ३० सेकंदांहून अधिक चालवू नये. तडा गेला नाही तर जागा बदलावी.

पायाच्या अखेरच्या पातळीवर विशेष जपावे लागते. टफ आणि काही ब्रेचिया खडक उघडे पडून ओले-कोरडे होत राहिले की भुसभुशीत होतात, म्हणून शेवटचा थर पीसीसी (पायाखालचे साधे काँक्रीट) टाकण्याची तयारी झाल्यावरच काढावा आणि तो रॉक दातांनी खरवडून खोल करू नये.

वेल्डिंगबाबत मुंबईच्या हवेचा विचार करावा. दमट हवेत उघड्या पडलेल्या लो-हायड्रोजन रॉड ओलावा घेतात, आणि त्याच रॉडने अडॅप्टर वेल्ड केला तर जोडाशेजारी तडा जातो, तोही पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. रॉड ओव्हनमध्ये कोरड्या करून वापराव्यात, ओतीव अडॅप्टर वेल्ड करण्यापूर्वी गरम करावा आणि नंतर सावकाश थंड होऊ द्यावा. पाणी ओतून थंड करण्याची सवय पूर्णपणे बंद करावी. खाडीलगतच्या खाऱ्या चिखलात काम केल्यावर संध्याकाळी बकेट धुऊन पिनांना ग्रीस द्यावे, जुने ग्रीस मिठासह बाहेर येईपर्यंत.

रोज सकाळी मशीन सुरू करण्यापूर्वी दात मोजावेत, लॉक पिना हातोडीने हलकेच ठोकून पाहाव्यात, कानांजवळचे जोड पुसून तडे बघावेत. दातांचा एक पूर्ण संच, दुप्पट पिना आणि लॉक, आणि किमान एक अडॅप्टर साइटच्या स्टोअरमध्ये असल्याशिवाय कातळाचे काम सुरू करू नये. दुपारी दात गेला आणि सुटे भाग आणायला माणूस वाहतुकीत अडकला, तर मशीन आणि रांगेत उभ्या असलेल्या हायवांचे भाडे चालूच राहते.